अंतरपाटामागचे बाबा

ताईचं लग्न म्हणजे आमच्या घरातलं पहिलं व्हिडिओ शूटिंगचं लग्न. आमच्या गावात, हिंगणीत, तोवर कुणी असला कॅमेरा पाहिला नव्हता, त्यामुळे अर्धं वऱ्हाड नवरीऐवजी कॅमेऱ्याकडेच तोंड करून बसलं होतं. आष्टीचा मुलगा ताईनं स्वतःच पसंत केलेला. बाबांनी होकार दिला खरा, पण तोंड फुगवूनच.

कॅसेट घरी आली आणि घोळ झाला. मंगलाष्टकं चालू असताना बाबा डावीकडून येतात, अंतरपाटामागे जातात आणि पलीकडून बाहेर येतच नाहीत. अंतरपाट दूर झाला तसा कॅमेराही नवरा-नवरीवर गेला. पलीकडे मांडवाचं मागचं दार होतं. बाबा रागानं लग्न टाकून निघून गेले, असं ताईनं मनाशी पक्कं केलं. तिची स्वतःची नजर त्या वेळी पायाच्या अंगठ्यावर होती, नवरीची असते तशी. बाबा तिथंच उभे होते, असं आई शपथेवर सांगायची. ताईला ती नुसती समजूत वाटायची. तिनं माहेरी येणं थांबवलं. पोळा गेला, दिवाळी गेली. आई दाराकडे बघत राहायची.

बाबांना विचारावं तर एकच उत्तर, "बापानं लेकीले पुरावा द्याचा का?"

मी तेव्हा नागपूरला इंजिनिअरिंगच्या वरच्या वर्गात शिकत होतो, आणि माझं कामच नेमकं ते होतं. चित्रफितीतली वस्तू एका चित्रातून पुढच्या चित्रात कुठं सरकली, याचा कॉम्प्युटरकडून अंदाज बांधून घ्यायचा. उघड्यावर चालणारी वस्तू सोपी. ती कशाच्या आड गेली की पंचाईत. माझा प्रोग्रॅम बिनदिक्कत ठरवायचा, दिसत नाही म्हणजे गेली. मी त्याच्यावर चिडायचो, आणि ताईवरही, कारण तीही तेच करत होती. आमच्या सरांचं म्हणणं असे की झाकलेलं दिसत नसेल तर झाकणाऱ्याकडे बघावं.

उन्हाळ्याच्या सुट्टीत भाड्यानं व्हीसीआर आणला आणि कॅसेट थांबवत थांबवत पाहिली. बाबांना शोधणं सोडलं, नुसता पाट बघत बसलो. त्याचं पलीकडचं टोक मोठे बाबांनी, म्हणजे बाबांच्या थोरल्या भावानं धरलं होतं. घरातले वडीलधारे म्हणून तो मान त्यांचा. ते टोक सारखं थरथरत होतं, खाली खाली येत होतं. बाबा आड गेले आणि थोड्याच वेळात थरथर थांबली. टोक वर उचललं गेलं, ते शेवटच्या 'सावधान'पर्यंत खाली आलं नाही.

मोठे बाबांचे हात लग्नाच्या आधीपासूनच कापायला लागले होते. घरात त्याबद्दल कुणी बोलत नसे. बाबांनी मागून त्यांच्या कोपरांना आधार दिला होता, आणि भावाचा मान राहावा म्हणून लेकीचा रुसवा मुकाट्यानं सोसत होते. मला भरून आलं. रागही आला, इतकं कुणी गप्प राहतं का?

कॅसेट घेऊन आष्टी गाठली. ताई आधी बघायलाच तयार नव्हती.

"बाबा निघून गेलते. मी का आंधळी हाओ?"

बाबांना बघू नकोस, पाट बघ, म्हटलं. तिनं पाहिलं. पुन्हा लावायला सांगितलं. मग उठून टीव्हीजवळ गेली आणि पाटाच्या त्या टोकावर बोट ठेवलं.

"इथं हायेत ना बाबा?"

"तिथंच हायेत."

ती तिथंच खाली बसून रडली.

नागपंचमीला ताई घरी आली. कॅसेटचा विषय तिनं काढला नाही, कारण मोठे बाबा ओसरीवरच बसले होते. तिनं त्यांना चहा दिला. त्यांनी हातात बशी घेताच चहा हिंदकळायला लागला, तसा ताईनं खालून आपला हात लावला आणि यंदा शेतात कपाशीची पऱ्हाटी केवढी झाली, हे विचारत राहिली. मोठे बाबा सांगत सांगत चहा प्याले. समोर खाटेवर बाबा होते. ते तिच्या हाताकडे बघत राहिले.

मग तिला म्हणाले,

"राह्यशीन ना चार दिवस, बाई?"