क्लेम रडॉकचा हात

क्लेम रडॉक सहा वेळा कपाच्या अंतिम सामन्यापर्यंत पोचला आणि सहाही वेळा रिकाम्या हातांनी घरी गेला. कप म्हणजे आमच्या कॅराबी गावच्या रेल्वे इन्स्टिट्यूटचा, म्हणजे रेल्वे कामगारांच्या क्लबचा, बिलियर्ड्सचा कप. उंची एक वीत, कान एकच. दुसरा कान १९७१ साली कुणीतरी त्यातून बिअर पिताना तोडला. या भांड्यापायी आमच्या गावातली निम्मी माणसं उरलेल्या निम्म्यांशी बोलत नसत.

पुढे रेल्वे गेली, तिच्या मागून इन्स्टिट्यूट गेलं, आणि टेबल ॲडलेडच्या एका दातांच्या डॉक्टरानं उचलून नेलं. उरला कप, विजेत्यांच्या नावांचा लाकडी फळा आणि मी. मी डार्सी. पोस्टाचं काउंटर आणि वर्तमानपत्रांचं दुकान चालवतो. प्रत्येक गावाला 'नाही' म्हणता न येणारा एक माणूस लागतो, म्हणून क्लबचा सेक्रेटरीही मीच. फळा माझ्या दुकानात आइस्क्रीमच्या फ्रीजवर लटकतो.

कॉम्प्युटरवरचा बिलियर्ड्स गावात आणला तोही मीच. हा खेळ इतका खरा आहे की कापडाची झीज, कडेच्या रबराची उसळी, बॉलची फिरकी, सगळं मोजतो. माउस मागे ओढायचा आणि पुढे ढकलायचा. तुमचा हात जसा जाईल तसाच पडद्यावरचा क्यू, म्हणजे बॉल मारायची काठी, जाते. हात वाकडा गेला की क्यू वाकडा. म्हाताऱ्यांनी पहिल्या आठवड्यात मला शिव्या दिल्या आणि दुसऱ्या आठवड्यात मुलांना फोन करून नवे कॉम्प्युटर मागवले. कपाचे सामनेही आता त्यावरच व्हायला लागले, आणि हळूहळू बाहेरचेही लोक आले. त्यातला सगळ्यात तयारीचा म्हणजे न्यूझीलंडमधल्या गिझबर्नचा वायरेमू पाकी. दर रविवारी दुपारी तीनला हेडफोन चढवून आम्ही बसायचो आणि एकमेकांच्या आयांचा उद्धार करायचो.

इन्स्टिट्यूटची एक रीत मात्र आम्ही सोडली नव्हती. तिथे पंच नव्हता. स्वतःचा फाउल स्वतःच सांगायचा, क्यूचा बुंधा जमिनीवर दोनदा आपटून. टक, टक. समोरच्यानं पाहिलं नसलं तरी. आता फाउल कॉम्प्युटर पकडतो, पण कॉम्प्युटरला न दिसणारंही बरंच असतं. बायकोनं मागून शॉट सुचवला की आमची माणसं गपचूप टेबलावर दोनदा टकटक करायची आणि पाळी सोडायची. वायरेमूनं इन्स्टिट्यूट कधी पाहिलंही नव्हतं, तरी तोही करायचा.

क्लेमचं वय एकोणऐंशी. जन्मभर इंजिनावर, आधी कोळसा टाकणारा फायरमन, मग ड्रायव्हर. त्याची खासियत बारीक शॉटची. आपला बॉल समोरच्या दोन्ही बॉलना जेमतेम टेकवायचा, तिन्ही बॉल ताटलीएवढ्या जागेत ठेवायचे आणि तेच करत राहायचं, शंभर शंभर गुणांपर्यंत. बघणाऱ्याला डुलकी लागायची आणि समोरच्याला रडू यायचं.

दोन वर्षांपूर्वी त्याचे हात थरथरायला लागले. डॉक्टरांनी रोगाचं लांबलचक नाव सांगितलं. क्लेम त्याला 'पाहुणा' म्हणायचा. "पाहुण्यानं आज सूप माझ्या शर्टाला पाजलं," असं सांगायचा. एका पाळीत नव्वद गुण करणारा माणूस नऊवर संपायला लागला. आधी त्याचे टोमणे कमी झाले, मग बोलणंच. दुकानात आला की फळ्याकडे बघत उभा राहायचा. "एकदा तरी तिथे नाव लागू दे रे," म्हणाला होता एकदा. "मग पाहुण्यानं खुशाल घर घ्यावं."

आणि मार्चपासून क्लेम अचानक पुन्हा जुन्यासारखा खेळायला लागला. चाळीस, सत्तर, मग शंभर! एप्रिलमध्ये उपांत्य सामना जिंकला. आम्ही खूश. वायरेमू सोडून.

त्यानं मला वेगळा फोन केला. "सेक्रेटरी, रागावू नकोस. पण खेळ प्रत्येक शॉटची हाताची रेघ साठवून ठेवतो ना? मी क्लेमच्या रेघा पाहिल्या. फेब्रुवारीत पावसात भिजलेल्या कोंबडीसारख्या, आणि आता पट्टीनं मारल्यासारख्या. मला वाटतं, त्यानं खेळायला यंत्र लावलंय."

"क्लेमनं? अरे, त्याला पाव भाजायचं यंत्र लावता येत नाही!"

"मग जाऊन बघ. तो म्हातारा मला आवडतो रे. म्हणूनच तुला सांगतोय, दुसऱ्या कुणाला नाही."

पुढच्या रविवारी सरावाच्या वेळी मी मटण पायची, म्हणजे खिमा भरलेल्या भाजक्या कचोऱ्यांची, पिशवी घेऊन क्लेमच्या मागच्या दारानं शिरलो. आमच्याकडे पुढच्या दारानं फक्त पोलीस येतात. तो खिडकीशी खुर्चीत होता, दोन्ही हात गोधडीखाली. कॉम्प्युटरसमोर एनिड होती, त्याची बायको. माउस तिच्या हातात.

"डावीकडे केसभर," क्लेम सांगत होता. "आता श्वास सोड. मांजराच्या पाठीवरून हात फिरवतेस तसं."

बॉल गेला, टेकला, टेकला, थांबला.

एनिडनं मला पाहिलं आणि माउस सोडून दिला, चोरी करताना सापडल्यागत. या बाईनं त्रेचाळीस वर्षं इन्स्टिट्यूटच्या खेळाच्या खोलीपर्यंत चहाची किटली पोचवली होती. खोलीपर्यंतच. बायकांना आत घेत नसत. किटली उंबऱ्यावर ठेवून जायचं.

"बस," क्लेम म्हणाला. "आणि ते तोंड मिट, माश्या जातील. मी फायरमन होतो तेव्हा अकरा वर्षं कोळसा माझ्या हातानं पडायचा. पण गाडी कुणाची म्हणायचे? ड्रायव्हरची. हे तसंच आहे. डोकं माझं, हात तिचा."

"मला तुमच्या नियमातलं काही विचारू नका," एनिड म्हणाली. "तो पुन्हा जेवायला लागलाय, एवढंच मला कळतं."

मी एक मटण पाय खाल्ली, नको असताना दुसरीही खाल्ली, आणि घरी जाताना ठरवलं की मला काही दिसलं नाही. एका म्हाताऱ्याचं नाव फळ्यावर लागलं तर कुणाचं काय जातं?

अंतिम सामना मे महिन्यातल्या रविवारी, क्लेम आणि वायरेमूचा. तीनशे गुणांचा. सगळे हेडफोन लावून बसले. खेळ सुरू होण्याआधी वायरेमूनं सगळ्यांसमोर विचारलं, "सेक्रेटरी, त्या गोष्टीचं पाहिलंस का?"

मी म्हणालो, "पाहिलं. शेजारी बसून पाहिलं. हात क्लेमचाच. सेक्रेटरी म्हणून सांगतो."

"मग झालं तर. क्लेम, माफ कर. चल, तुझी गाडी रुळावरून उतरवतो."

क्लेमनं उलट टोमणा मारला नाही. अशी संधी त्यानं कधी वाया घालवली नव्हती. मला वाटलं, घाबरला असेल.

पण खेळ काय झाला! वायरेमू पुढे गेला, त्याचे एकशे नव्वद, क्लेमचे एकशे सत्तर. मग क्लेमनं आजकालच्या सवयीनं माइक बंद केला आणि त्याच्या बाजूनं बारीक शॉट सुरू झाले. टेकला, टेकला, थांबला. टेकला, टेकला, थांबला. पाळी शंभरच्या वर गेली तेव्हा मी पडद्याला नाक लावून बसलो होतो. दोनशे ब्याऐंशी. तिन्ही बॉल ताटलीत. आणखी नऊ असेच शॉट, प्रत्येकाला दोन गुण, आणि कप.

तेव्हा क्लेमचा माइक सुरू झाला आणि हेडफोनमध्ये आवाज आला. टक, टक.

क्लेम चालताना आपला जुना क्यूच काठी म्हणून वापरायचा.

"क्लेम, नको," मागून एनिडचा आवाज.

"फाउल," क्लेम म्हणाला. त्याच्या आवाजाला पण आता पाहुणा लागला होता. "वायरेमू, हा हात माझा नाही. मार्चपासून नाही. एनिडचा आहे."

मग वायरेमू म्हणाला, "मला चालतं. तिला खेळू दे. पुरं करा."

"तुला चालतं, फळ्याला नाही. सामना तुझा."

"मी असा कप घेणार नाही, म्हाताऱ्या. तुमच्याकडेच राहू दे तुमचं ते फुटकं भांडं."

संध्याकाळी मी क्लेमच्या घरी गेलो, या वेळी मटण पाय न घेता. विचारलं, "दोन महिने गप्प होतास. आजच कशाला?"

"मी माझ्यापुरतं खोटं बोलत होतो, ते मला पचत होतं," तो म्हणाला. "तू माझ्यासाठी बोललास. सेक्रेटरी म्हणून. माझ्या चौपन्न वर्षांच्या खेळात आमच्यात कुणी दुसऱ्याचा फाउल लपवला नव्हता, डार्सी. माझ्यापायी लपवला गेला."

मी गप्प बसलो असतो, पाहिलं नाही म्हणालो असतो, तर फळ्यावर आज त्याचं नाव असतं. चांगलं वागायला गेलो आणि त्याच्या पायाखालचा रूळ मीच काढला.

नियमाप्रमाणे मी त्याची मार्चपासूनची सगळी नोंद पुसली. क्लेम पुन्हा हेडफोन लावून बसला नाही. जूनमध्ये बोलणं थांबलं, जुलैत जेवण. ऑगस्टच्या सहा तारखेला गेला. आमच्याकडे ऑगस्ट म्हणजे ऐन हिवाळा; पुरायला गेलो तेव्हा इतकी थंडी होती की कबर खणणाऱ्यानं आमच्या देखत कुदळीला दोन शिव्या दिल्या. क्लेमला आवडलं असतं.

पंधरा दिवसांनी एनिड दुकानात आली. बिस्किटाच्या डब्यात माउस आणि हेडफोन, व्यवस्थित वायर गुंडाळून. "क्लबचं सामान," म्हणाली.

"तूच ठेव, एनिड. तूच खेळ. सगळ्यांना विचारलंय मी. वायरेमूनं तर धमकीच दिली आहे, तुला घेतलं नाही तर तो सोडून जाईल."

तिनं फळ्याकडे पाहिलं. त्या वर्षाच्या आकड्यापुढे मी काही लिहिलेलं नाही.

"त्या रविवारी शेवटचे एकशे बारा मी मारले," ती म्हणाली. "त्यातले पहिले चाळीस तो सांगत होता. मग त्याची मान खाली गेली आणि तो बोलायचाच थांबला. पुढचे सगळे माझे मीच मारले. तू ते पुसून टाकलंस ना?"

"पुसलं."

"परत आणता येतं?"

"नाही."

तिनं मान हलवली, पावाची एक लादी घेतली, लहानातली, आणि सुटे पैसे मोजून काउंटरवर ठेवले. डबा तिथेच राहिला. दाराशी पोचल्यावर ती उंबऱ्याच्या अलीकडे क्षणभर थांबली, जुन्या सवयीनं, आणि निघून गेली.