मावशीचा डावा पाय

फेब्रुवारीतला दुसरा रविवार, सकाळ. स्थळ: नांदेड, विमलमावशीचं अंगण. हजर: मावशी, चपला घालून, उभी. तिचा मुलगा मिलिंद, मोबाइलमध्ये डोकं घालून. हमीदभाई मेकॅनिक, गाडीखाली. मी, तपासणीची यादी घेऊन. आणि ती काळी, गोल पाठीची जुनी गाडी, जी मिलिंदपेक्षा आणि माझ्यापेक्षा वयाने मोठी.

तक्रार अशी: चढाला इंजिन ओरडतं, गाडी पुढे सरकत नाही, जळका वास येतो. म्हणजे क्लच घसरत होता. इंजिनाची ताकद चाकांकडे नेणारी प्लेट पकड सोडत होती. पण ती प्लेट हमीदभाईंनी दिवाळीनंतर नवी बसवलेली.

"सिस्टर, प्लेट तो मैंच डाला," गाडीखालून आवाज आला. "नवीकोरी. उसकू खाता कौन?"

"ते तुमी शोधा. मला लातूरला जायचंय."

मावशी सरकारी दवाखान्यात नर्स होती. निवृत्त होऊन वर्षं लोटली, पण तिची निघायची तयारी काही सुटली नाही. चहा उभ्यानेच प्यायची. कुणाकडे गेली तरी खुर्चीच्या कडेवर टेकायची, पर्स मांडीवर. आग्रह केला तर म्हणायची, "बसल्यानं काय होतंय?" आणि आल्याआल्या, "चला, निघू." औशाला नोकरीला असताना गाव सोडून चाललेल्या एका डॉक्टरांकडून तिने ही गाडी घेतली. खेड्यात कुठे बाळंतीण अडली की निरोप यायचा आणि मावशी सुटायची. उंचीने ती इतकी कमी, की सीट पार पुढे ओढलेली असायची. त्या जागी दुसरं कुणी बसलं तर गुडघे स्टिअरिंगला लागायचे.

गाडी घेतली त्या दिवशी तिची थोरली बहीण, आमची अक्का, औशाला आलेली होती. मावशी म्हणाली, चल, लातूरला घरी सोडते. अक्का तडक एसटी स्टँडवर गेली. "बाईच्या हातात जीव देत न्हाई मी." एसटी पुढे आणि मावशीची गाडी मागे, अशा दोघी बहिणी लातूरला पोचल्या. त्यानंतर अक्का त्या गाडीत कधीच बसली नाही.

आणि आता अक्काचाच फोन आला होता. "विमल, डोळ्याला कमी दिसायलंय. पार जायच्या आत तुझ्या त्या डब्यात बसव मला. औशाला ने."

"आई, मी नेतो की अक्काला. माझ्या गाडीत एसी हाय," मिलिंद म्हणाला.

"तुझ्या गाडीला ती कधी न्हाई म्हणली?"

मी यादी पुढे रेटली. हँडब्रेक ओढून, टॉप गिअर टाकून क्लच सोडला. इंजिन बंद पडायला हवं होतं. ते आरामात घुरघुरत राहिलं. घसरणं पक्कं. पेडलची ढील तपासली, बरोबर. गिअरबॉक्स उतरवला. तेल कुठे झिरपत नव्हतं, स्प्रिंगा शाबूत. फक्त प्लेट काळी पडून गुळगुळीत झालेली. सगळ्या ओळींवर काट मारली तरी कारण सापडेना. मावशी गाडीभोवती फेऱ्या घालत होती. शेवटी हमीदभाई वैतागले. "सिस्टर, तुम पहले बैठो. मेरेकू चक्कर आरी."

ती स्टुलावर टेकली. समोर एक वीट पडली होती. मावशीचा डावा पाय आपोआप त्या विटेवर गेला आणि वीट हलकेच दाबत राहिला.

"हमीदभाई, तो पाय बघा."

त्यांनी पाय पाहिला, मग हातातली प्लेट पाहिली. "बस. मिल गया चोर."

"मावशी, गाडी चालवताना हा पाय कुठं असतो?"

"कुठं म्हणजे? क्लचवर."

"कायम?"

"मग खिडकीत ठेवू का? बोलावणं आलं की निघता आलं पाहिजे."

"पण तेव्हा तू निघालेलीच असतेस ना!"

"हाव," ती म्हणाली. "तरी."

पेडलवर टेकलेल्या त्या पायाने प्लेट अर्धवट सुटून घासत होती. नवी प्लेट बसली. पाय ठेवायला क्लचच्या डावीकडे हमीदभाईंनी लाकडाची फळी स्क्रूने आवळली. पुढच्या रविवारी आम्ही दोघी निघालो. मी शेजारी बसून थोड्या थोड्या वेळाने ओरडत होते, "पाय!" लोह्याच्या पुढच्या चढाला "पाय!", अहमदपुरात "पाय!" "शाळेत हाय का मी?" म्हणत ती पाय फळीवर आपटायची. पण चढ चढली गाडी. वासही नाही.

लातूरला अक्का काळा चष्मा लावून दारातच उभी. मी मागचं दार उघडलं. "पुढं बसते मी. बघू दे ही कशी चालवती ते." मी मागे गेले. तिथून मावशीचा पाय दिसत नव्हता. शिवाय दोघी बहिणी इतक्या बोलत होत्या, की मध्ये ओरडायला जागाच नव्हती. औशाच्या रस्त्याला लागायच्या आधीच, ट्रॅक्टर आणि रिक्षांच्या गर्दीत, तो वास आला. इंजिन ओरडलं. गाडी थांबली.

"आलं का औसा?" अक्काने विचारलं.

"न्हाई. प्लेट जळाली."

मला वाटलं, आता टोमणा येणार. अक्काने चष्मा काढून पुसला. "मग ये की परत दुरुस्त करून. मी कुठं चाललेय?"

 ओढून न्यायला गाडी येईपर्यंत मावशी सीटला पाठ टेकून, हात मांडीवर ठेवून बसली. तिला असं बसलेलं मी फक्त तेव्हाच पाहिलं.

प्लेट लवकर मिळेना. ती यायच्या आत मावशी गेली. दुपारी, खुर्चीच्या कडेवर, पायात चपला.

हमीदभाईंनी नंतर प्लेट बसवली, पैसे घेतले नाहीत. मिलिंदने किल्ली माझ्या हातात दिली. रविवारी सकाळी अक्काचा फोन येतो. "उजेड दिसतोय अजून. कधी येतीस?"

तेल झालं. बॅटरी, टायर झाले. फळी घट्ट आहे. सीटची कळ गंजली होती, तीही हमीदभाईंनी तेल घालून मोकळी केली आहे. सीट मात्र अजून पुढेच आहे. तेवढी मागे सरकवायची राहिली आहे.