शेजारचं आकाश

गाराफिया गावात ओब्दुलियाला एकोणीस वर्षं एकच प्रश्न ऐकावा लागला, आणि विचारणारा बहुतेक वेळा तिचा भाऊ लासारो असायचा.

"काय गं, सापडला का तो?" शेळीच्या दुधाचं चीज धुरावर लावता लावता तो विचारी.

"नाही."

"मग पगार कसला देतात तुला?"

तो म्हणजे दूर आकाशात कुठेतरी असलेला न्यूट्रिनो फेकणारा. न्यूट्रिनो हा कण इतका अलिप्त की अख्खी पृथ्वी आरपार करून जातो. दक्षिण ध्रुवावरच्या बर्फात पुरलेल्या यंत्राला एखादा दांडगा न्यूट्रिनो लागला, की तो कुठल्या दिशेने आला ते जगभर कळवतात. मग ला पाल्मा बेटाच्या डोंगरमाथ्यावरच्या दोन दुर्बिणी तिकडे वळतात आणि त्याच जागेवरून गॅमा किरणही येताहेत का ते बघतात. आले, तर फेकणाऱ्याचं घर सापडलं. ओब्दुलिया तिथे आरसे पुसायला म्हणून लागली आणि विचारून विचारून दुर्बिणी चालवायला शिकली. शिकवणारे कंटाळले, ती कंटाळली नाही.

तिथला पहिला धडा असा, की ज्याला बघायचं त्याच्यावर थेट नेम धरायचा नाही. दुर्बीण किंचित बाजूला रोखायची, म्हणजे त्या जागेबरोबर शेजारच्या रिकाम्या आकाशाचंही माप मिळतं. रिकाम्याचं माप नसेल तर भरलेलं कशावरून म्हणायचं? हे ती नव्या लोकांना इतक्यांदा ऐकवी, की ते पाठीमागे तिची नक्कल करत.

आणि मार्चमधल्या एका पहाटे तिनेच थेट नेम धरला.

दक्षिण ध्रुवावरून निरोप आला तेव्हा दुर्बिणी आपोआप वळवणारी यंत्रणा दुरुस्तीसाठी बंद होती. तिने हाताने आकडे भरले आणि घाईत बाजूला सरकवायचं विसरली. चूक लक्षात आली ती उजाडल्यावर, नोंदवही लिहिताना. तोवर संशोधक आयराम पडद्यासमोर उभा राहून एकटाच हसत होता.

"डोन्या ओब्दुलिया, हे बघा. मधोमध ढीग आहे गॅमांचा. आजच कळवून टाकू सगळ्यांना."

"थांब. मी चुकले. दुर्बीण सरळ रोखली मी. कॅमेऱ्याच्या मध्यावर तसंही जास्तच दिसतं."

"एवढं जास्त?"

"ते कोण सांगणार? शेजारचं आकाश कुठाय आपल्याकडे?"

आयराम मटकन खुर्चीत बसला. "आपण थांबलो तर दुसरं कोणी पुढे जाईल. एवढी वर्षं काढलीत इथे. तुम्हाला नकोय का हे?"

हवं होतं. लासारोच्या प्रश्नाला एकदा तरी तिला 'हो' म्हणायचं होतं. पण तिने वहीत पहिल्याच ओळीत आपली चूक लिहिली.

"तेवढ्याच उंचीवरचं रिकामं आकाश, तेवढाच अंधार, तेवढेच दोन तास," ती म्हणाली. "ते घेतल्याशिवाय माझी सही मिळायची नाही."

बोलणं सोपं होतं. दुसऱ्याच दिवशी सहारावरून धूळ आली आणि आकाश मळकट झालं. चंद्र वाढत होता, रोज उशिरा मावळत होता, पहाटेचा अंधार आखडत चालला होता. कामाची पाळी संपली तरी ती गावात उतरली नाही. गोफियोच्या, म्हणजे भाजलेल्या धान्याच्या, पिठाचे गोळे खात दर तासाला बाहेर जाऊन वर बघत राहिली.

"तुम्ही बघितल्याने धूळ जाणार आहे का?" आयराम वैतागला.

"नाही. पण गेली की पहिलं मला कळेल."

चौथ्या पहाटे वारा फिरला. चंद्र मावळणं आणि फटफटणं यांच्यामध्ये दोन तास दहा मिनिटं होती. ओब्दुलियाने तीच चूक या वेळी मुद्दाम केली. रिकाम्या आकाशावर, जिथे कोणी राहत नाही अशा जागी, तिने सरळ नेम धरला.

मधोमध ढीग आला. पहिल्याएवढाच.

"म्हणजे त्या दिवशीचा ढीगही कॅमेऱ्याचाच," आयराम म्हणाला. तिने वहीत तसं लिहून सही केली, डोळे पुसले आणि गावाकडे गाडी काढली.

"सापडला का?" लासारोने विचारलं.

"चार दिवस सापडला होता. मीच घालवला."

तो पगाराचं बोलायला गेला, पण तिचं तोंड बघून थांबला. सगळ्यात जुन्या चीजचा मोठा तुकडा कापून त्याने तिच्यापुढे सरकवला.

"परत कधी जाणार?"

"आज संध्याकाळी," ती खाता खाता म्हणाली.