डावीकडची खुर्ची

जहाज अजून धक्क्यालाच होतं. आई-बाबा केबिनमध्ये बॅगा उघडत होते आणि मी एकटीच जेवणाची जागा बघायला खाली गेले. चार वाजले होते. वेटर टेबलांवर पांढरी कापडं अंथरत होते, त्यामुळे मला कोणी हटकलं नाही. आमच्या कार्डावर टेबलाचा नंबर छापलेला होता आणि तिन्ही संध्याकाळी तिथेच बसायचं होतं. टेबल गोल होतं, सहा खुर्च्यांचं. एका बाजूला जाड खांब. किचनचं झुलतं दार लांब होतं, पण वादकांची छोटी स्टेज अगदी जवळ होती. मी खांबाकडे पाठ असलेल्या खुर्चीत बसून पाहिलं, मग तिच्या डावीकडच्या खुर्चीत. एक वेटर हसून म्हणाला की जेवण सहाला आहे. मी सॉरी म्हणून उठले.

दोन वर्षांपूर्वी एका तापानंतर आईचा डावा कान गेला. पूर्ण गेला. उजवा ठणठणीत आहे, त्यामुळे घरात फारसं काही जाणवत नाही. गोंगाटात मात्र डावीकडून कोणी बोललं तर तिच्या दृष्टीने तिथे कोणी नसतंच. तेव्हापासून तिच्या डावीकडे मी बसते. हॉकर सेंटरमधल्या खाण्याच्या टेबलांवर, लग्नांत, सगळीकडे. तिने मला तसं कधी सांगितलं नाही, आणि मीही तिला कधी विचारलं नाही.

हे बाहेर कोणाला माहीत नव्हतं, कारण आई गाणं शिकवते. आम्हाला या देशात कायम राहायचा परवाना, पीआर, मिळाल्यावर तिने सेंगकांगच्या आमच्या फ्लॅटमध्ये शनिवारचा क्लास सुरू केला. अकरा मुलं. बाबा तिला कानाचं यंत्र लाव म्हणून सांगून थकले. "एक कान गेलेल्या बाईकडे सूर शिकायला कोण पाठवेल?" असं ती एकदाच म्हणाली आणि विषय संपला. या शहरात आमची ओळख बाबांच्या कंपनीमुळे होती, माझी शाळेमुळे. तिचा स्वतःचा म्हणावा असा तो एक क्लासच होता.

अकरांपैकी पाच मुलं एकाच काकूंमुळे आली होती. काकू बुकित तिमाहच्या श्रीमंत वस्तीत राहतात, त्यांची मुलगी दहा वर्षांची. आधी त्यांनी तिला आमच्याकडे घातलं, मग त्यांच्या कॉन्डो सोसायटीतल्या आणखी चौघांना. काकूंना कळलं तर पाचही जातील, हे आईने मनात पक्कं करून ठेवलं होतं. आणि ही क्रूझ काकूंनीच ठरवली होती. "आपण टेबल एकच घेऊ या हं, टीचर," त्या फोनवर म्हणाल्या, आणि आई "हो, हो, अगदी" म्हणून बसली.

पहिल्या संध्याकाळी सगळं मी ठरवल्याप्रमाणे झालं. वेटर आईसाठी भलतीच खुर्ची ओढत होता. मी तिच्या पाठीवर हात ठेवून तिला खांबापाशी नेलं आणि तिच्या डावीकडच्या खुर्चीच्या पाठीला धरून उभी राहिले. काकूंनी त्याच खुर्चीवर पर्स ठेवायला हात पुढे केला होता. मी हात काढला नाही.

"अगं बाई! आईला सोडवत नाही वाटतं अजून," काकू म्हणाल्या. "नोकरीला लागलीस ना तू?"

सगळे हसले. बाबासुद्धा. मी बसले. काकू वळसा घालून आईच्या उजवीकडे गेल्या आणि जेवण छान झालं. केबिनमध्ये परतल्यावर आई मला म्हणाली, "काकूंशी जरा नीट वागायचंस." मी हो म्हटलं.

दुसऱ्या संध्याकाळी आम्हाला उशीर झाला. बाबा डेकवर फोटो काढत राहिले. आम्ही पोहोचलो तेव्हा काकू, त्यांची मुलगी आणि काका ओळीने बसलेले होते. उरलेल्या तीन खुर्च्याही ओळीने. काकूंच्या शेजारची खुर्ची रिकामी होती आणि तिथे बसलं की काकू डावीकडे येणार होत्या. त्यांनी खुर्चीच्या गादीवर थोपटलं.

"टीचर, काल तुमच्या लेकीने अडवलं. आज तुम्ही इथे."

बाबा दिसेल त्या खुर्चीत बसतात. ते मधल्या खुर्चीत बसून मेन्यू उघडूनही मोकळे झाले. आता माझ्यासाठी काकांच्या शेजारची, आईपासून सगळ्यात लांबची खुर्ची उरली होती.

जागा बदला म्हणणं मला इंग्रजीत जमतं. तयार वाक्य असतं, ते म्हणायचं आणि मोकळं व्हायचं. मराठीत वयाने मोठ्या बाईला उठवायचं म्हणजे वाक्य पहिल्यापासून रचावं लागतं.

"काकू, तुम्ही... तुम्ही इकडे याल का? माझ्या जागेवर?"

"का गं?"

"तिथे एसी लागतो."

"मला आवडतो एसी."

"आईला लागतो."

"मग तू शाल आण ना तिची," काकू म्हणाल्या. त्या आता हसत नव्हत्या. "रोज काय गं तुझं हे?"

"राहू दे," आई म्हणाली, आणि बसली.

सूप आलं. वादकांनी जुनं इंग्रजी गाणं सुरू केलं. काकू आईकडे झुकून बोलू लागल्या. आई बाबांच्या बाजूला, म्हणजे उजवीकडे, किंचित वळून बसली होती. ती मधूनमधून डावीकडे पाहून हसायची. ते हसू मला ओळखू येतं. त्यात ती भुवया जरा वर उचलते आणि मान दोनदा हलवते, कारण दोनदा हलवली की प्रश्न असला तरी चालतं आणि नुसतं सांगणं असलं तरी चालतं. मी समोरून बघत होते. काका मला काहीतरी विचारत होते, मी त्यांना काय उत्तरं दिली ते आठवत नाही.

मग काकूंनी मुलीकडे एकदा पाहिलं, आवाज खाली आणला आणि हात तोंडाशी धरला. अर्धं ऐकून, अर्धं ओठांवरून मला समजलं. दोन वर्षांत तेवढं यायला लागलं आहे.

"टीचर, एकदा खरं सांगा. हिला खरंच गळा आहे का? की उगीच ओढतोय आपण? बंद करू का?"

आईने भुवया उचलल्या. मान दोनदा हलवली. "हो, हो. अगदी."

"बंद करू?"

"अगदी. काहीच हरकत नाही."

काकूंचा हात तोंडापासून खाली आला. त्यांनी चमचा उचलला आणि पुन्हा ठेवला. आई हसतच होती.

मला बोलायला हवं होतं. बोलले तर आईचं दोन वर्षं झाकलेलं उघडं पडणार होतं. नाही बोलले तर आईने एका आईला तिच्या मुलीच्या देखत सांगितलं होतं की तुमच्या मुलीत काही नाही. मी पाण्याचा ग्लास धरून बसले. मी खरंच काही बोलले नसते, हे मला आजही माहीत आहे.

"मम्मा," मुलगी म्हणाली, "टीचर कॅनॉट हिअर दॅट साइड लाह."

"काय?"

"त्या साइडला टीचरना ऐकू येत नाही. सगळ्यांना माहीत आहे. प्रॅक्टिस नाही केली तर आम्ही त्या साइडला बसतो."

बाबांनी चमचा खाली ठेवला. काका खोकल्यासारखं करून हसले आणि थांबले. आईने एकेकाचा चेहरा पाहिला. वाद्यांच्या आवाजात तिला टेबलापलीकडचं धड काहीच लागलं नव्हतं.

"काय झालं?" तिने मला विचारलं.

बाबांनी सांगितलं असतं. पण तिने मला विचारलं होतं. मला टेबलावर ओणवं होऊन, मोठ्याने, शेजारच्या टेबलावरच्या लोकांनी वळून बघावं इतक्या मोठ्याने सांगावं लागलं. काकूंनी काय विचारलं, तिने काय उत्तर दिलं, मुलीने काय सांगितलं. सगळं.

आईने रुमालाने ओठ टिपले. मला वाटलं, ती उठून जाईल.

"कोण कोण बसतं त्या बाजूला?" तिने मुलीला विचारलं.

मुलगी सुपात चमचा फिरवू लागली.

"मागच्या शनिवारी तू कुठे होतीस?"

"राइट साइड," मुलगी मोठ्याने म्हणाली.

"खोटं. तू डावीकडे, खिडकीपाशी होतीस."

मुलगी सूप पिऊ लागली. काकू मात्र आईकडे बघत होत्या. "म्हणजे इतके दिवस तुम्ही आम्हाला..." मग आईला ऐकू जावं म्हणून मुद्दाम सावकाश, मोठ्याने म्हणाल्या, "सांगायला हवं होतं, टीचर."

"हो," आई म्हणाली. "हवं होतं."

पुढचे दोन पदार्थ येऊन गेले. डेझर्टच्या आधीच ते तिघं उठले.

तिसऱ्या संध्याकाळी आम्ही वेळेआधी पोहोचलो. वेटरने खुर्ची ओढली. "नॉट धिस वन, प्लीज," आई म्हणाली आणि खांबाकडे पाठ करून बसली. डावीकडे तिने बाबांना बसवलं. उजवीकडच्या खुर्चीवर तिने काही ठेवलं नाही, कोणाला बोलावलंही नाही. मी उभीच होते.

"तू बस की कुठेही," ती म्हणाली.

मी समोर बसले. सहा वाजून गेले. सव्वासहा. ब्रेड आला. बाबा म्हणाले, "वर बुफेला गेले असतील." आईने ब्रेडला हात लावला नाही.

मग ते आले. काका थेट माझ्या शेजारी बसले. काकू मुलीला घेऊन उभ्या राहिल्या. माझ्या दुसऱ्या बाजूची खुर्ची त्यांच्या अगदी हाताशी होती. तिच्यावर त्यांनी मुलीला बसवलं. मग वळसा घालून त्या आईच्या उजवीकडे जाऊन बसल्या. हसल्या नाहीत.

"कालचं आता विचारते," त्या म्हणाल्या. "हिच्यासमोरच. गळा आहे का?"

"आहे," आई म्हणाली. "चांगला आहे. घरी काही करत नाही. आणि मला एका कानाने सूर कळतो की नाही, ते तुम्ही शनिवारी येऊन बघा. कुठेही बसा."

"बाकीच्यांना मी काही सांगणार नाही."

"मीच सांगणार आहे."

"एक-दोघं जातील, टीचर."

"जातील."

दोघं गेलीच. एकाच्या आईने ट्यूशनचं कारण दिलं, ते खरंही असेल. काकूंची मुलगी राहिली आणि तिला पुढचे तीन महिने पेटीसमोर, आईच्या नाकासमोर बसावं लागलं. पण हे सगळं नंतर. त्या संध्याकाळी एवढंच झालं की काकूंनी ब्रेडची टोपली आईपुढे सरकवली आणि आईने एक तुकडा घेतला.

मी त्यांच्याकडे बघत होते. आईच्या भुवया जागच्या जागी होत्या. ती एकदा काकूंना मध्येच थांबवून "काय म्हणालात?" असंही म्हणाली. तिने माझ्याकडे पाहिलं नाही. माझे हात मांडीवर होते आणि त्यांचं काय करायचं ते मला सुचेना. ही दोन वर्षं मला वाटत होतं की अशा टेबलांवर मी आईमुळे गप्प असते, तिच्याकडे लक्ष ठेवावं लागतं म्हणून.

"काल विचारत होतो तुला," शेजारून काका म्हणाले, "तू काहीतरी भलतंच बोललीस. नक्की काय काम करतेस तू?"

मी पाण्याचा घोट घेतला आणि सांगायला लागले.