टेपाचे गेलेले तीन इंच

समस्त सुतारमंडळी, पै-पाहुणे आणि हितचिंतक यांना कळवण्यास अत्यंत दुःख होते की, आमच्या घरच्या मोजायच्या टेपाचे पहिले तीन इंच दीर्घ सेवेनंतर आम्हाला सोडून गेले. मागे उरलेला टेप तीनपासून सुरू व्हायचा.

नवा टेप घ्यावा असं कुणाच्या मनात आलं नाही. मी दिसेल तो आकडा ओरडायचा आणि आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, त्यातून तीन वजा करायचे. वर्षानुवर्षं असंच चाललं होतं.

नव्वदच्या दशकाच्या शेवटी आबांना लकव्याचा झटका आला. हातपाय सावरले, पण बोलता बोलता शब्द निसटायचे. रंध्याला कानस म्हणायचे आणि स्वतःच घाबरून माझ्याकडं बघायचे. अशात गारगोटीकडच्या एका काजूच्या बागेत राखणदारासाठी लाकडी खोली बांधायचं काम आलं. धाकट्या काकांनी सगळ्यांसमोर सांगून टाकलं, "दादा, एवढं करून बघ. न्हाय जमलं तर औजारं माझ्याकडं दे आन् घरात बस."

आबांनी करवतीला धार लावायला घेतली.

भिंतींच्या चौकटी आबा, काका आणि मी जमिनीवर ठोकल्या आणि तिघांनी मिळून उभ्या केल्या. आबा ओळंबा सोडून प्रत्येक खांब दोनदा तपासत होते. एरवी त्यांना एकदा पुरायचं. मग कैच्या, म्हणजे छपराचे लाकडी त्रिकोण, करण्यासाठी भिंतींमधलं अंतर मोजलं. टेपावर दहा फूट तीन इंच आले. आबांच्या डोक्याला ताण नको म्हणून तीन मीच वजा केले आणि मोठ्या मायेनं ओरडलो, "दहा फूट!"

दुसऱ्या दिवशी आबांनी कापलेली पहिली कैची वर चढवली. तिचा एक पाय भिंतीवर टेकला, दुसरा तीन इंच अलीकडं हवेत. दुसरीचंही तेच.

"बघितलंस?" काका भिंतीवरूनच म्हणाले. "कवापासनं सांगतोय मी!"

आबा खाली बसले. "डोस्कं गेलं माझं," एवढंच म्हणाले. मग करवत पुसली, पटाशी पुसली, आणि एकेक औजार काकांच्या पोत्यात ठेवायला लागले.

तीन इंच कुठं गेले ते मला एव्हाना कळलं होतं. एरवी गल्लीभर तोंड चालवणारा मी, पण खाली पडलेले खिळे वेचत बसलो. चूक कबूल करायची भीती नव्हती. का वजा केलंस, असं विचारलं तर काय सांगू? काकांना आबांबद्दल जी शंका होती, तीच मलाही होती. पण रंधा पोत्यात गेला आणि मला राहवलं नाही.

"आबा, तीन इंच मी आधीच वजा केलते!"

"का?"

"तुमास्नी... जमंल का न्हाय, वाटलं."

काका वर तसेच थांबले. आबा ताडकन उठले. मग तोंडावर रक्त चढलं, आणि पोत्यातून डोकावणाऱ्या रंध्याकडं बोट करून ते सगळ्या बागेला ऐकू जाईल असे ओरडले, "म्हंजे डोस्कं तुझं गेलंय की, माझं न्हाय! आण इकडं ती कानस!"