अजीज शिकलगार: लोखंडाकडून पोटाकडे

भोसरीच्या औद्योगिक वसाहतीत दौलतरावांचा घडाईचा कारखाना होता. तिथं तापलेलं लोखंड हातोड्याखाली घालून ट्रकचे दांडे बनत. दांडा वरून कितीही देखणा दिसला तरी त्याच्या आत चीर असू शकते, आणि ती नेमकी घाटात कळते. म्हणून प्रत्येक दांडा आधी अजीज शिकलगारकडे यायचा. अजीज दांड्याला तेल फासायचा, त्यावर काडेपेटीएवढं एक यंत्र फिरवायचा आणि शेजारच्या पेटीच्या हिरव्या पडद्याकडे बघायचा. यंत्रातून माणसाला ऐकू न येणारा आवाज लोखंडात शिरायचा. वाटेत चीर लागली की तो तिथूनच माघारी फिरायचा आणि पडद्यावर काटा उभा राहायचा. मग अजीज दांड्यावर खडूनं फुली मारून ओरडायचा, "रिजेक्ट!" हातोड्याच्या दणदणाटात न ओरडता सांगितलेलं कुणाला ऐकू जात नसे. एरवी हा माणूस मितभाषी. बारा वर्षांत कारखान्यानं त्याच्या तोंडून ऐकलेला मुख्य शब्द हाच.

दौलतराव मूळचे गावकरी. जमिनी वसाहतीत गेल्या, त्या पैशांतून कारखाना उभा राहिला, आणि कारखाना चालल्यावर त्यांना पुण्य कमवायची हुक्की आली. देहूच्या वाटेवर आधीच चार कारखानदारांच्या कमानी होत्या, म्हणून त्यांनी चिंचवडला आईच्या नावानं 'रुक्मिणीबाई धर्मादाय रुग्णालय' काढलं. एक्याऐंशी साली कारखानदारांचं एक मंडळ जपानला गेलं. बाकीच्यांनी येताना टेपरेकॉर्डर आणले, दौलतरावांनी सोनोग्राफीचं यंत्र आणलं. कस्टमवाल्यांनी 'हा टीव्ही आहे की नाही' याचा महिनाभर विचार केला आणि शेवटी अर्धा टीव्ही ठरवून ते सोडलं.

रुग्णालयाच्या डॉक्टर नीलाबाई यंत्र बघून हरखल्या आणि लगेच काळजीत पडल्या.

"दादा, हे चालवायला शिकलेला माणूस लागेल."

"आपला अजीज हाय की," दौलतराव म्हणाले. "तेल लावायचं, यंत्र फिरवायचं, पडद्यावर बघायचं. त्येच काम."

"तिथं लोखंड आहे, इथं माणूस आहे."

"मग तर सोपंच झालं! लोखंड केवढं कठीण असतंय."

शेवटी तडजोड झाली. पुण्याचे एक रेडिओलॉजिस्ट आठवड्यातून दोनदा येतील, एरवी नीलाबाई बघतील, आणि यंत्र हाताळायला अजीज तंत्रज्ञ म्हणून शिकून येईल. त्याची रवानगी मुंबईच्या एका मोठ्या इस्पितळात झाली. तेव्हा या विद्येला अभ्यासक्रम नव्हता, परीक्षा नव्हती. ज्यांना येत होतं त्यांच्या मागं उभं राहायचं, हेच कॉलेज.

पहिल्याच दिवशी शिकवणाऱ्या डॉक्टरांनी एका धडधाकट वॉर्डबॉयला आडवा केला आणि अजीजच्या हातात यंत्राचं टोक दिलं. अजीजनं ते पोटावर टेकवलं, पडद्याकडे बघितलं आणि त्याला घाम फुटला. इथून आवाज माघारी, तिथून माघारी. वीतभर जागा धड नव्हती. तोंडातून सवयीनं निघून गेलं, "रिजेक्ट!"

वॉर्डबॉय ताडकन उठून बसला.

डॉक्टर हसले नाहीत. म्हणाले, "लोखंड आतून एकसारखं असतं. म्हणून आवाज परतला की दोष. माणूस आतून कुठंच एकसारखा नसतो. इथं आवाज सगळीकडून परतणारच. कुठला परतला तर ठीक आणि कुठला नाही, एवढंच शिकायचंय. त्याला वेळ लागेल."

वेळ लागला. कलेजी आणि गुर्दा ही नावं अजीजला पिंपरी कॅम्पातल्या मटणाच्या दुकानामुळं ठाऊक होती, पण जिवंत माणसात ती श्वासाबरोबर खालीवर पळतात, हे नवीन होतं. दांडा कधी श्वास घेत नाही. अजीज पहिले कित्येक दिवस गुर्द्याचा पाठलाग करत राहिला, आणि गुर्दा फासळीआड लपत राहिला. हळूहळू हाताला ओळख झाली. पोटाच्या वरच्या भागाला रोगी उपाशी हवा, नाहीतर वायू आडवा येतो आणि पित्ताची पिशवी आकसून बसते. गर्भाशय बघायला लघवीची पिशवी भरलेली हवी, कारण पाण्यातून आवाज सरळ जातो. आणि सगळ्यांत महत्त्वाचं म्हणजे रोग्याला काही सांगायचं नाही. "तोंड मिटायचं आणि चेहराही मिटायचा," डॉक्टर म्हणाले. "तुम्ही चित्र दाखवायचं. अर्थ डॉक्टर सांगतील." हे शेवटचं अजीजला सगळ्यांत सोपं वाटलं, म्हणून त्याचा त्यानं सरावच केला नाही.

तो परतल्यावर उद्घाटन ठरलं. मांडव, हार, माइक, झाडून सगळे कारखानदार आणि कारखान्याची सगळी शिफ्ट. गुरुजींनी यंत्राला कुंकू लावलं, ते अजीजनं हळूच पुसलं. दौलतरावांनी भाषणाच्या शेवटी जाहीर केलं, "दुसऱ्यांच्या पोटात शिरायच्या आधी यंत्रानं आमचं पोट बघावं!"

नीलाबाई कानाशी लागल्या, "दादा, तुम्ही आत्ताच वडे आणि जिलबी खाल्लीत. उपाशी असायला लागतं."

"उद्घाटनाला उपाशी? लोक काय म्हंतील!"

ते व्यासपीठावर आडवे झाले. पडदा लोकांकडे वळवला होता. अजीजनं थंडगार जेली लावली तेव्हा "आरं, गार हाय!" हे माइकवरून सगळ्या मांडवानं ऐकलं. अजीज यंत्र फिरवू लागला. वायूचं नुसतं पांढरं धुकं. पित्ताची पिशवी दिसेना, गुर्दा दिसेना. समोर शे-दोनशे माणसं, लाऊडस्पीकरचा गोंगाट.

दौलतरावांनी पडल्यापडल्या माइक त्याच्या तोंडापुढं धरला. "बोल अजीज, काय दिसतंय?"

कारखान्यातल्या सवयीनं अजीज ओरडला, "मालक, आत काहीच नाही!"

मग मागच्या रांगेतून युनियनच्या बबनरावांचा आवाज आला, "आम्ही गेल्या बोनसपासून हेच सांगतोय राव!"

संध्याकाळपर्यंत ही गोष्ट चाकणला पोचली. कुणी म्हणालं मालकांना काळीजच नाही. कुणी म्हणालं आहे, पण बँकेकडं गहाण आहे. दौलतरावांनी यंत्र खोक्यात भरायचा हुकूम सोडला.

"पाठवा," नीलाबाई शांतपणे म्हणाल्या. "म्हणजे लोकांची खात्रीच होईल."

दुसऱ्या सकाळी दौलतराव चहासुद्धा न घेता मागच्या दारानं आले. या वेळी अजीजच्या पडद्यावर सगळं लख्ख उमटलं.

"हाय का रं?" दौलतरावांनी विचारलं.

अजीजनं नीलाबाईंकडं बघितलं.

"आरं बोल की! काल तर बोंबलत व्हतास."

"डॉक्टर सांगतील, मालक."

"सगळं आहे," नीलाबाई म्हणाल्या, "आणि जागच्या जागी आहे."

एवढ्यावर भागलं असतं, पण दौलतरावांनी तसं टाइप करून, शिक्का मारून कारखान्याच्या फाटकाशी लावलं. कारखान्यात सदोष माल चालवून घ्यायचा असला की त्यावर 'डेव्हिएशनवर पास' असा शेरा मारत. दुपारच्या आत कुणीतरी त्या कागदाखाली खडूनं तोच शेरा मारला.

रोगी मात्र त्यामुळंच वाढले. मालकांची इभ्रत घालवणारं यंत्र बघायला लोक निमित्तं काढून येऊ लागले. बायकांना आधी पोटभर पाणी पाजून बाकावर बसवत आणि नेमकी वीज जाई. एकदा चिखलीच्या अंबूबाईंनी अजीजला धरलं, "पी म्हनलास, पिले. धर म्हनलास, धरलं. आता लाईट येईस्तवर ह्ये पानी कुटं ठिवू?" बायकांसाठीचं शौचालय आवारापल्याड, आणि जवळचं एकमेव विश्वस्तांच्या सभेच्या खोलीत. अंबूबाई सगळा बाक उठवून सभेत शिरल्या. वीजटंचाईवर ठराव करणारे विश्वस्त व्हरांड्यात आले. जनरेटर त्याच आठवड्यात बसला.

त्या पावसाळ्यात चिमाबाई आली. नवरा भैरू दौलतरावांकडंच हातोड्यावर कामाला, परभणीकडचा. तिला सातवा महिना होता. दोन दिवसांपासून बाळ हललं नव्हतं. अजीजनं यंत्र टेकवलं. डोकं दिसलं, पाठीचा कणा दिसला. छातीत जिथं लुकलुकायला हवं तिथं काही हलत नव्हतं. त्यानं जागा बदलली, पुन्हा बघितलं.

"भाऊ, कसं हाय वो?" चिमाबाईनं विचारलं.

"बाईंना बोलावतो," तो म्हणाला. आवाज त्यानं सपाट ठेवला. नीलाबाई आत गेल्या आणि दार बंद झालं.

बाहेर भैरू उभा होता. "अजीजभाऊ, इतकी वर्षं माझ्या हातचा माल तपासलास. चांगलं-वाईट तोंडावर सांगितलंस. आता सांग की."

अजीजनं टपरीवरून चहा आणला. कप भैरूच्या हातात दिला आणि शेजारी टेकला. आतून रडणं ऐकू आलं तेव्हा दोघं एकाच बाकावर बसले होते.

घरी जाऊन त्यानं बायकोला, मुमताजला, एवढंच सांगितलं की भैरूकडं चूल पेटणार नाही. तिनं भाकरी थापायला घेतली. पुढचे काही दिवस डबा तिकडं जात राहिला. दरम्यान अजीजनं दौलतरावांना गाठून म्हटलं, "मालक, मला परत लोखंडावर घ्या."

"घ्येतो की," दौलतराव म्हणाले, "पर दुसरा कोन मिळंस्तवर थांब."

दुसरा कोणी मिळाला नाही, कारण कोणी शोधलाच नाही. अजीजनंही पुन्हा विषय काढला नाही. सकाळी बाक भरलेला असायचा आणि त्यावरच्या बायका त्याच्या वाटेकडं बघत असायच्या.

वर्षभरानं पुण्याचे ते रेडिओलॉजिस्ट कायमचे चिंचवडला आले. अजीज यंत्र धरी, ते शेजारी बसून चित्र वाचत आणि कागदावर लिहीत. अजीजची म्हातारी आई नूरबी गुडघा दाखवायला आली तेव्हा तिनं हे दारातून बघितलं. घरी जाऊन तिनं शेजारणीला सांगितलं, "आमच्या अजीजला आता एकट्याला काम झेपेना. लिखापढी करायला एक डॉक्टर दिलाय हाताखाली."