सोलोमनची वाटी

इब्राहिमचाचा गेल्याचं मला अबू तारेकांनी कळवलं. दुपारी मी लॅबमध्ये रक्ताच्या नळ्या लावत होते, तेव्हा त्यांचा फोन आला. एवढी वर्षं आपल्या लोकांत राहून त्यांना दुकानापुरती हिंदी छान येते, पण त्या दिवशी ते सगळं अरबीतच बोलत राहिले आणि मी नुसती हं हं करत राहिले... कळायचं ते पहिल्या वाक्यालाच कळलं होतं. चाचा जेवून दुकानात गादीला टेकून बसले आणि तसेच गेले. कुवेती घरांतल्या पुरुषांच्या बैठकीला दिवाणिया म्हणतात; त्या बैठकींच्या गाद्या शिवण्यात चाचांचा जन्म गेला, आणि शेवटी ते स्वतः शिवलेल्या गादीवरच गेले. मी खूप रडले, पण याचं समाधानही तेव्हापासून आहे.

चाचा रेवदंड्याचे, मी अलिबागची. इथे कुवेतमध्ये सालमियात भाड्यानं घर घेतल्यावर पडद्यांसाठी मी त्यांच्या रिग्गईतल्या दुकानात गेले, तर पहिला प्रश्न, "कुठली गो बाय तू?" अलिबाग म्हटल्यावर मापं राहिली बाजूला. सुके बोंबील, वाल आणि पांढरा कांदा यांतच तास गेला, आणि पडदे शेवटी आखूड झाले ते झालेच. दुकानाच्या वर अबू तारेक राहतात. शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेले, पॅलेस्टिनी, सगळा गोतावळा गाझात. रोज संध्याकाळी खाली येऊन चहा प्यायचा आणि चाचांची शिवण कशी वाकडी आहे ते सांगायचं, हा त्यांचा नेम. चाचांना त्याशिवाय चहा गोड लागत नसे.

रेवदंड्यात चाचांच्या भिंतीला भिंत लागून बेने इस्रायलींचं, म्हणजे कोकणातल्या ज्यूंचं, घर होतं. तेलाचा घाणा चालवायचे आणि शनिवारी बंद ठेवायचे, म्हणून गाव त्यांना शनवार तेली म्हणे. शनिवारी तिथे चूल पेटत नसे, तर चहा चाचांच्या आईकडून जायचा. त्या घरातला सोलोमन हा चाचांचा जिवाचा दोस्त. पुढे तो इस्रायलला गेला आणि चाचा कुवेतला आले. सोलोमनच्या घरी नवस फिटला की एलियाहू नबीच्या नावानं मलिदा व्हायचा. भिजवलेले पातळ पोहे, ओलं खोबरं, साखर, वेलची, वर केळी-सफरचंदाच्या फोडी. चाचा म्हणायचे, "आमच्यात त्यांना इलियास म्हणतात. नबी तोच, पोहे तेच."

आता मलिदा नवस फिटल्यावर करायचा असतो, हे चाचांना पक्कं ठाऊक. तरी तिकडे गाझात शस्त्रसंधीची नुसती कुणकुण लागली की हा माणूस पोहे भिजत घालायचा. "चाचा, बाजारात तुरी!" असं मी चिडवायची. त्यावर म्हणायचे, "अगो, आधीच केला तर वरच्याला जरा लाज वाटेल, तो तरी फेडील." परातीतला पहिला वाटा निळ्या काठाच्या वाटीत जायचा, सोलोमनच्या नावानं. दुसरा अबू तारेकांना. ते खायचे, पण त्या वाटीकडे पाठ करून. शस्त्रसंधी मोडायची, वाटी चाचाच संपवायचे, आणि पुढच्या खेपेला पुन्हा पोहे भिजायचे.

मग हे मोठं युद्ध पेटलं. अबू तारेकांच्या बहिणीचं घर गेलं. बहीण वाचली, तिचा थोरला नाही वाचला. त्याच सुमाराला रेवदंड्याहून कळलं की सोलोमनचा नातू तिकडे फौजेत आहे. अशात एकदा शस्त्रसंधीची बातमी आली आणि चाचांनी सवयीनं परात काढली. अबू तारेक दारातच थांबले. म्हणाले, "इब्राहिम, इथे ती वाटी राहील नाही तर मी." परात धुऊन चाचांनी खिळ्याला टांगली.

ती कितीतरी महिने तशीच टांगलेली होती. दुकानात बातम्या चालायच्या, आवाज बंद करून. "थकलो गो बाय," चाचा एकदा म्हणाले. "मेला तो ओळखीचा, बंदूक धरून उभा आहे तोपण ओळखीचा. दुवेला हात उचलतो नि काय मागू तेच सुचत नाही." मला त्यांचा चक्क राग आला. आशा ठेवायचं काम आम्ही सगळे त्यांच्यावर टाकून मोकळे झालो होतो, आणि आता त्यांनीच हात टेकले होते.

गेल्या हिवाळ्यात एका शुक्रवारी मी गेले, तर परात खाली उतरलेली आणि चाचा नारळ खवत बसलेले. मी विचारलं, "काय बातमी?"

"बातमी कसली? पोहे होते, नारळ होता."

निळ्या काठाची वाटीही भरलेली होती. अबू तारेक आले, तिच्याकडे बघत बराच वेळ उभे राहिले... मग बसले. खाल्लं काही नाही. चहा घेतला, शिवणीत एक चूक काढली आणि वर गेले. चाचांचा चेहरा असा खुलला म्हणता! "बसला ना? वाटी समोर असून बसला. आज इतकं पुरे." त्यानंतर थोड्याच आठवड्यांत ते गेले.

दुकान आता दुसऱ्याचं झालंय. परात आणि वाटी अबू तारेकांनी मागून घेतली. परवा त्यांचा फोन आला, घरी ये म्हणून. गेले, तर मधोमध परात आणि परातीत पांढरा गोळा. पोहे त्यांनी तांदळासारखे शिजवले होते! मला हसू आवरेना, आणि तेही हसले. मग मी भीत भीत विचारलं, शस्त्रसंधीची काही खबर आहे का?

"नाही," ते म्हणाले. "काल बहिणीशी बोललो. ती म्हणाली, तुझा तो हिंदुस्थानी दोस्त गेला, आता आपल्यासाठी गोड कोण करणार?"

त्यांनी हातात डाव घेतला आणि पहिला वाटा निळ्या काठाच्या वाटीत घातला. गणिताच्या मास्तरांना शोभेल असा, बाकीच्यांइतकाच. वाटी मध्ये ठेवली आणि तिच्याकडे तोंड करून बसले.

"खा," ते म्हणाले, "गार होईल."

मलिदा कधी गरम नसतो, हे मी त्यांना सांगितलं नाही.